कुफरीला बर्फ आहे

लतिका गांगुर्डे दिवसभर नाशिक असायची. ड्यूटी संपवून हेडसेट खुंटीला अडकवला की ती पुन्हा लतिका व्हायची, आणि दोन्हींपैकी हेच काम तिला जास्त जड जायचं.

परगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावरची रीतच तशी होती. एका गावाच्या ऑपरेटरने दुसऱ्या गावाच्या ऑपरेटरला नाव विचारायचं नाही, आपलं सांगायचं नाही. लाइन लागली की गावाचं नाव घ्यायचं. "मनमाड, नाशिक बोलतेय, धुळे द्या." एवढ्यात सगळं आलं. मनमाड चिडका होता. जळगाव बायको माहेरी गेली की गुणगुणायचा. मुंबई कुणाशीच धड बोलत नसे. ही सगळी गावं लतिकाला आवाजाने ओळखीची होती आणि त्यांतलं एकही तिने नीट पाहिलेलं नव्हतं, मनमाड सोडून. मनमाडला तिची गाडी बदलायची, नांदगावला जाताना.

नांदगावला तिचे वडील काळू गांगुर्डे रेल्वेत गँगमन होते. उन्हातान्हात रुळावर वाकून वाकून माणूस धनुष्यासारखा झालेला. मुलगी मॅट्रिक झाली, टेलिफोन खात्यात लागली, तेव्हा म्हणाले, "रूळ म्या सांभाळला. आता तू तार सांभाळ." ते गेल्यावर आई, आक्काबाई, नाशिकला लतिकाच्या खोलीवर आली. पाचसहा वर्षं राहिली. लतिका कुठल्याही शिफ्टवरून येवो, दार उघडायच्या आधी आतून आवाज यायचा, "जेवलीस का गं?" मग आक्काबाईही गेली. मधल्या काळात स्थळं आली होती. मुलीची कधी सकाळची ड्यूटी, कधी रात्रीची, हे कळल्यावर पाहुणे चहा संपवून उठायचे. पुढे पुढे चहाही होईना.

तिची खोली होती त्या कॉलनीत माणसांची वाण नव्हती. शेजारच्या भिमाबाईचा तर सबंध संसारच गॅलरीत असायचा. पण प्रत्येक घर आपापल्या माणसांनी भरलेलं होतं, आणि भरलेल्या घरात उपरं माणूस किती वेळ बसणार? लतिका विहारात जायची, वंदनेला सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळायची, नि परत येऊन कुलूप काढायची. कुलूप निघाल्यावर दाराला क्षणभर टेकून उभं राहायची सवय तिला कधी लागली, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

सिमल्याशी ओळख झाली ती एका बागवानामुळे. पंचवटीच्या बाजारात त्याची फळांची अडत होती. सफरचंदांच्या दिवसांत, आणि नंतर बटाट्याच्या बेण्यासाठी, त्याचा सिमल्याला जवळजवळ रोज कॉल असायचा. मुंबई, दिल्ली करत करत लाइन लागायची. तिकडचा व्यापारी मात्र खाली गोदामात असायचा. त्याला हाक मारून वर आणीपर्यंत तार नुसती उघडी राहायची, एका टोकाला नाशिक आणि दुसऱ्या टोकाला सिमला.

अशाच एका दुपारी त्या उघड्या तारेतून बाईचा आवाज आला, "नासिक, खाना खाया?"

लतिका दचकली. इतकी वर्षं कानात माणसं ओरडत होती, विनवत होती, शिव्या देत होती. हे कुणी विचारलं नव्हतं.

"नहीं," ती म्हणाली. "अब खाऊँगी."

"खा लो. ठंडा हो जाएगा." मग खोकल्याची एक उबळ आली, आणि व्यापारी लाइनवर आला.

तेव्हापासून सिमला तिची झाली. आज बर्फ पडला, देवदार वाकलेत, असं सिमला सांगायची. त्या दिवशी आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायचा. लतिका द्राक्षांचं सांगायची, पुराचं पाणी कुठल्या देवळाला लागलं ते सांगायची. एकदा आईच्या पुण्यतिथीला तिने आईचं सांगितलं. सिमला काही बोलली नाही, पण व्यापारी येऊनही तिने लगेच लाइन जोडली नाही. चार श्वास तशीच थांबली. लतिकाने ते चार श्वास पुष्कळ दिवस पुरवून वापरले. कधी सिमला तुटक बोलायची, कधी आवाज जाड लागायचा, कधी बारीक. थंडीत आवाज बदलतो, असं लतिकाने ठरवून टाकलं होतं.

एक्क्याऐंशी साली एक्स्चेंजातल्या मंडळींनी एलटीसीवर सहल काढायचं ठरवलं. सरकारी प्रवासाची सवलत त्या वर्षी घेतली नसती तर बुडाली असती. डोक्यात बर्फ भरवला तो शामसुंदरने. तो बोर्डाचा मेकॅनिक. कुठल्याशा लोकरीच्या दुकानाचं कॅलेंडर त्याला मिळालं होतं, त्यात लाल स्वेटर घातलेला एक गोरा माणूस पायांना लांब पट्ट्या बांधून पांढऱ्याशुभ्र उतारावरून घसरत होता. शामसुंदरने ते पान जेवायच्या खोलीत लावलं.

"बर्फ नुसता बघायचा कशाला? स्की करायची. घसरायचं."

"तू?" कुसुम जोशी डबा उघडता उघडता म्हणाली. "एक्स्चेंजच्या जिन्यावरून घसरलास तेव्हा पंधरवडा रजेवर होतास."

"बर्फ मऊ असतो, कुसुमताई."

"मग जिना काय लोखंडाचा होता?"

"लोखंडाचाच आहे की!"

सगळी हसली. लतिकाही हसली. कुसुम तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारी, बोर्डावरही आणि जेवतानाही. दोघींच्या डब्यांतली भाजी वर्षानुवर्षं इकडची तिकडे जात होती. कुसुमच्या पंचवटीतल्या घरी मात्र लतिका गेलेली नव्हती. "सासूबाई जुन्या वळणाच्या गं," असं कुसुम एकदा पोळीकडे बघत म्हणाली होती, त्यानंतर तो विषय दोघींनी काढला नाही.

अडचण निघण्याच्या तारखेची होती. मार्चअखेरीला व्यापाऱ्यांचे कॉल इतके की साहेब कुणाला रजा देणार नव्हते. एप्रिलमध्ये रामनवमी आणि त्यामागून रामाच्या रथाची मिरवणूक. कुसुमचे यजमान वेणीमाधव रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे, त्यांना रथाआधी हलता येत नव्हतं. आणि बाबासाहेबांच्या जयंतीला कॉलनी सोडून जायला लतिका तयार नव्हती. त्या दिवशी तरी ती कुणाच्या घरची पाहुणी नसायची, मिरवणुकीतलीच एक असायची.

"म्हणजे दोन्ही मिरवणुका पार पडेपर्यंत बर्फाने वितळायचं नाही," शामसुंदर म्हणाला. "त्याला कळवायला हवं."

इतक्या उशिरा बर्फ उरणार कुठे, यावर रोज जेवणाच्या सुट्टीत वाद व्हायचा. शामसुंदरचा जीव गुलमर्गवर. कॅलेंडरखाली बारीक अक्षरात तेच नाव छापलेलं होतं. वेणीमाधवरावांना मनाली हवी होती, कारण तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत असं त्यांनी ऐकलं होतं. कुसुम म्हणे, कुफरी बरी, सिमल्याच्या डोक्यावरच आहे, गाडी थेट जाते. कुणालाच काही माहीत नव्हतं आणि सगळे ठासून बोलत होते. शेवटी कुसुमच म्हणाली, "आपली लतिका आहे ना! तिची ती सिमला आहे. विचार गं तिला. डोंगरातलं माणूस, तिला सगळं ठाऊक असणार."

त्यानंतरचे दिवस लतिकाच्या आयुष्यातले वेगळे दिवस होते. ती जेवायच्या खोलीत शिरली की बोलणं थांबायचं. "काय म्हणते सिमला?" कुसुम साबुदाण्याची खिचडी तिच्या डब्यात आधी वाढायची. शामसुंदर तिच्यासाठी खुर्ची ओढायचा, एरवी तो स्वतःच दोन खुर्च्यांवर बसे. रस्त्यावर भिमाबाईने हटकलं, "लांब निघालीस म्हणं? बर्फ बघाया? अगं, नाशिकरोडला बर्फाचा कारखाना हाय की. लय मोठ्या लाद्या असत्यात." लतिकाने हे सिमलाला सांगितलं आणि सिमला खोकला येईस्तोवर हसली.

मग एकदा बागवानाचा कॉल लागला असता लतिकाने नेमकं विचारलं. एप्रिलच्या शेवटी कुफरीला स्की करता येईल का?

"कुफरी में? कुछ नहीं है अब, नासिक. कीचड़ है और घोड़े हैं. गुलमर्ग जाओ. वहाँ ऊपर अभी भी स्की चल रही है."

लतिका म्हणाली, "लेकिन आप तो सिमला में हैं."

"तो? तुम बर्फ देखने आ रही हो कि मुझे?"

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही. व्यापारी आला. लतिकाने लाइन जोडली आणि समोरच्या बोर्डावरच्या काळ्या भोकांकडे बघत बसली. एकेक भोक म्हणजे एकेक गाव. त्यांतलं एकच तिला तिकडून हाक मारत होतं, आणि तेच तिला सांगत होतं, येऊ नकोस.

जेवायच्या खोलीत सगळे वाट बघत होते. रस्ताभर, म्हणजे बोर्डापासून खोलीपर्यंतच्या बोळभर, खरं सांगायचं असंच तिच्या मनात होतं. दारात पाऊल ठेवलं आणि कुसुमने आपल्या शेजारची जागा हाताने झटकून साफ केली.

"कुफरीला बर्फ आहे," लतिका म्हणाली.

"स्की करता येईल?" शामसुंदरने विचारलं.

"येईल." दुसरं खोटं पहिल्याइतकं जड गेलं नाही.

येतोय हे तिने सिमलाला कळवलं नाही. कळवलं असतं तर ती विचारती, गुलमर्ग सोडून इकडे कशाला? लतिकाने चिवडा घेतला, चांगले टपोरे बेदाणे घेतले, आणि एका नव्या रुमालात दोन्ही बांधून पेटीच्या तळाशी ठेवलं. आपल्या जागेवर बदली म्हणून बसणाऱ्या गोजरा नावाच्या नव्या पोरीला तिने सगळं समजावलं. पोर गोंधळलेली होती. "ताई, सिमला काय बोलली तर?" असं तिने विचारलं, तेव्हा लतिका चटकन म्हणाली, "काही बोलणार नाही. तू फक्त लाइन जोड." नंतर तिला स्वतःच्या आवाजातला तो धारदारपणा आठवून लाज वाटली.

कुफरीला घोडे होते आणि चिखल होता. ओल्या मातीचा नि लिदीचा वास होता. दूर, आभाळाला टेकलेल्या डोंगरांवर पांढरं काहीतरी दिसत होतं, पण ते कॅलेंडरइतकंच लांब होतं. एका देवदाराखाली, ऊन कधीच येत नसेल अशा खळग्यात, काळपट बर्फाचा एक ढिगारा उरला होता. त्यावर शेंगांची टरफलं पडलेली. कुसुमने वाकून बोटाने टोकरला आणि बोट पदराला पुसलं.

भाड्याने सामान देणारा एकजण खोक्यावर ऊन खात बसला होता. त्याच्या मागे स्कीच्या पट्ट्या सरपणासारख्या रचून ठेवलेल्या. "फरवरी में आना था, साब. अब किसने भेज दिया?"

"सिमला ने!" शामसुंदर म्हणाला.

तो माणूस बघतच राहिला. शामसुंदरने तरी हट्ट सोडला नाही. माकडटोपी घालून, पायांना पट्ट्या बांधून तो चिखलातल्या गवतावर उभा राहिला आणि वेणीमाधवरावांनी त्याचा फोटो काढला. पहिल्यांदा सगळे हसले. मग शामसुंदरला त्या पट्ट्या सोडवेनात, वाकताही येईना, आणि हसू हळूहळू विरलं. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. तो काही त्या गोऱ्या माणसासारखा घसरणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक असावं; पण ठाऊक असणं वेगळं आणि सगळ्यांसमोर चिखलात उभं राहणं वेगळं.

संध्याकाळी सिमल्याच्या लॉजमध्ये एका खोलीत सगळी चहाला जमली.

"थापाडी मेली," कुसुम म्हणाली. "गिऱ्हाईक आणण्याचं काहीतरी मिळत असेल तिला. चार वर्षं गोड बोलून आपल्या लतिकाला गुंडाळलं."

वेणीमाधवराव म्हणाले, "परक्या गावाला आलेल्या माणसाला असं फसवू नये. पाप आहे."

"तुम्ही नका बोलू. रामकुंडावर काय करता?"

खोलीत हशा झाला. शामसुंदर मात्र हसला नाही. "उद्या एक्स्चेंजात जाऊन जाब विचारतो. कुफरीला बर्फ आहे म्हणे! माझ्या हातात टेस्टर असतो, तिची लाइनच—"

"तिने खरं सांगितलं होतं," लतिका म्हणाली.

कुणाला नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा सांगितलं. "सिमलाने खरं सांगितलं होतं. गुलमर्गला जा म्हणाली होती. कुफरी मी सांगितलं."



"का गं?" कुसुमने विचारलं. आवाजात राग नव्हता अजून, नुसतं आश्चर्य होतं.

"मला तिला भेटायचं होतं."

"कुणाला?"

"सिमलाला."

शामसुंदर फुस्सकन हसला आणि लगेच थांबला.

"नाव काय तिचं?" कुसुम म्हणाली.

"माहीत नाही," लतिका म्हणाली. कुसुमने कप खाली ठेवला. "एवढ्या माणसांची रजा, पोरांच्या शाळा, यांच्या यात्रेकरूंचा खोळंबा. आणि तुला त्या बाईचं नावसुद्धा माहीत नाही?" मग हळू, जवळजवळ स्वतःशीच, ती म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर मी आले असते गं तुझ्याबरोबर. कधीतरी. दोघी आलो असतो."

आले असते की नसते, कोण जाणे. पण ते वाक्य लतिकाला रात्रभर टोचत राहिलं. बायकांच्या खोलीत कुसुमने दिवा मालवला आणि प्रवासात रोज म्हणायची तसं "झोप आता" म्हणाली नाही.

सकाळी मंडळी डोंगरावरचं देऊळ बघायला निघाली. लतिकाला कुणी चल म्हटलं नाही, नको येऊ असंही म्हटलं नाही. ती रुमालातलं गाठोडं घेऊन विचारत विचारत एक्स्चेंजात गेली. "नासिक ट्रंक से आई हूँ" म्हटल्यावर पहारेकऱ्याने आत सोडलं.

बोर्ड तिच्या बोर्डासारखाच होता. तीच भोकं, त्याच दोऱ्या, हाताच्या घामाने काळवंडलेली तीच कड. बायका ओळीने बसलेल्या, मांडीवर विणकाम. मधोमध कोळशांची शेगडी धुमसत होती.

"मैं नासिक," लतिका दारातून म्हणाली.

सगळ्या माना एकदम वळल्या. "अरे, नासिक! नासिक आई है!" एकीने खुर्ची दिली, एकीने चहा सांगितला. लतिका एकेका चेहऱ्याकडे बघत होती. कुठला?

"मुझे सिमला से मिलना था."

त्या हसल्या. "हम सब सिमला हैं जी. जो बोर्ड पर बैठे, वही सिमला."

"वो, जिसको खाँसी है..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कोपऱ्यातली एक खोकली. मग शेगडीजवळची खोकली. धुराने लतिकाच्याही घशात खवखवलं.

"जो पूछती है, खाना खाया?"

त्यांच्यात वयाने मोठी, पांढऱ्या केसांची बाई होती, ती सुईवरचे टाके मोजत मायेने म्हणाली, "वो तो हम सबसे पूछते हैं, बेटी. अंबाला से, दिल्ली से. पार्टी आने तक कुछ तो बोलना पड़ता है ना."

गुलमर्गचं कुणी सांगितलं? सोन्याचा दात असलेल्या तरुण मुलीने हात वर केला. वाकलेले देवदार पांढऱ्या केसांच्या बाईचे निघाले. बर्फाच्या कारखान्याला हसली होती ती आज रजेवर होती. लतिका विचारत गेली आणि तिची सिमला एकेका बाईत थोडी थोडी वाटली गेली. शेवटी तिने आईचं विचारलं. एका पुण्यतिथीला मी आईचं बोलले होते, तेव्हा कोण होतं?

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणाला आठवत नव्हतं.

तिने गाठोडं सोडलं. चिवडा हातोहात फिरला. "बाप रे, कितना तीखा!" म्हणून त्या हसल्या, डोळे पुसले, आणखी घेतला. बेदाणे गोड आहेत म्हणाल्या. वाईट माणसं नव्हती ती. लतिका गरम पेला दोन्ही हातांत धरून बसली. जायला हवं होतं, पण जायचं कुठे ते सुचत नव्हतं.

बोर्डावर दिवा लागला. सोन्याच्या दातवालीने दोरी खोवली, ऐकलं आणि एकदम वळली. "लो, तुम्हारा नासिक है! तुम बात करो." तिने हेडसेट काढून लतिकाच्या डोक्यावर चढवला. पट्टी अजून उबदार होती.

"सिमला?" पलीकडून, दिल्ली, मुंबई ओलांडून, बारीक घाबरा आवाज आला. "नासिक बोल रही हूँ."

गोजरा. तिच्या खुर्चीवर बसून, तिचं गाव होऊन बोलत होती. लतिकाने खूण केली, एकीने व्यापाऱ्याच्या गोदामाचा नंबर लावला. तार उघडी राहिली. लतिकाला त्या रिकाम्या तारेचा आवाज चांगला ओळखीचा होता. फक्त या टोकाकडून तिने तो कधी ऐकला नव्हता.

"हॅलो?" गोजरा म्हणाली. "कौन है लाइन पर?"

"सिमला," लतिका म्हणाली. आणि थोडं थांबून, "नासिक, खाना खाया?"

 तिकडून दचकलेला आवाज म्हणाला, "नहीं... अब खाऊँगी."

"खा लो," लतिका म्हणाली. "ठंडा हो जाएगा."